डिंपल यायच्या आत स्विमिंग पूल

१६ जानेवारी

आजपासून रोजनिशी. गोव्याच्या हॉटेलात एक जर्मन म्हातारा पूलच्या काठावर बसून रोज लिहायचा. मी त्याला टॉवेल द्यायचो. तेव्हाच ठरवलं होतं आपणही लिहायचं. मग सुरत झालं, पुणे झालं, परत सुरत झालं. राहून गेलं.

काल कोहमाऱ्याला मुलगी पाहायला गेलो. डिंपल. वडील श्यामलाल, हायवेवर टायरचं दुकान. त्यांनी विचारलं, लडका करता क्या है. बाबा स्वतःच्या चपलांकडे पाहायला लागले. मी म्हणालो, घरामागे स्विमिंग पूल बांधून राहिलो. सौंदडसारख्या गावात पहिला. लोक तिकीट काढून पोहायला येतील. हे मलाही तेव्हाच समजलं. पण डिंपलनं पहिल्यांदा मान वर केली.

श्यामलाल म्हणाले, अक्षय तृतीयेला आम्ही घर पाहायला येतो. पूल दिसला की त्याच दिवशी सुपारी फोडू.

परत येताना गाडीवर बाबा एकच बोलले. पूल नसला तं मीच नाई म्हणून सांगीन, दुसऱ्याच्या पोरीचं वाटोळं कराचं नाई मले. म्हणजे बाबांचा सपोर्ट आहे.

२० जानेवारी

गोंदियाचा मोठा ठेकेदार फोनवर बराच वेळ हसला. ड्रॉइंग आहे का विचारलं. मी म्हणालो, डोक्यात आहे. परत हसला. असल्या लोकांना काम द्यायचं नाही.

इंद्रकुमारला दिलं. गावातला, आमच्याच समाजाचा, शाळेत माझ्याच बाकावर होता. तालुक्यातल्या अर्ध्या शेतांतल्या बोड्या त्यानंच खणल्या. मला वाटतं ज्याला धानाच्या पाण्यासाठी तळं खणता येतं त्याला पूल का नाही येणार. खड्डा तो खड्डा. गोव्याचा फोटो दाखवला. त्यानं मोबाइल आडवा करून, उभा करून पाहिला. म्हणाला, होते ना. मग म्हणाला, मासोळ्या कोणत्या सोडाच्या. मी खूप हसलो. तो नाही हसला. कामाच्या बाबतीत सीरियस आहे.

२३ जानेवारी

जेसीबी आला. मागच्या वाडीत आईच्या वालाच्या शेंगा भरल्या होत्या. आई म्हणाली, चार दिवस थांब गा, शेंगा तोडून घेतो. मी समजावलं, जेसीबी थांबत नसते. शेंगा बाजारात मिळतात.

आईनं जेसीबीच्या पुढे पुढे जाऊन ओटीत मावतील तेवढ्या तोडल्या. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. संध्याकाळी भाजी चांगली झाली होती.

३ फेब्रुवारी

खड्डा मस्त झाला. खोल. घराचं मागचं दार उघडलं की सरळ खड्डाच. आई म्हणाली, काहीतरी आड लाव, अंधारात माणूस जाईन खाली. बरोबर आहे. दोरी आणली, नायलॉनची, हिरवी. चार खुंट ठोकून बांधायची. उद्या सकाळी.

१० फेब्रुवारी

इंद्रकुमार किती दिवसांपासून येत नाही, हे आज समजलं. आपल्याकडच्या लोकांना वेळेची किंमत नाही. आधीच समजलं असतं, पण सडक अर्जुनीला टेनिस बॉलची टुर्नामेंट होती आणि त्यांच्याकडे कॉमेंट्री करणारा नव्हता. मी फक्त माइक टेस्ट करून पाहिला होता. फायनलपर्यंत थांबावं लागलं.

फोन केला. म्हणाला, निघालो, रस्त्यात आहो. नाही आला.

१२ फेब्रुवारी

निळ्या टाइल्स आणल्या. गोव्यासारख्या, सेम टू सेम. इंद्रकुमार म्हणाला, आधी तळ बसू दे, टाइल्स मांगून लावू. तुमच्या घरी म्हैस फोडन, माया घरी ठेवतो. इतकी काळजी कोण घेते.

दुपारी डिंपलच्या आई सुमित्राबाईंचा बाबांना फोन. बाथरूम गळते, कोणी मिस्त्री आहे का. इथे माझं डोकं चाललं. इंद्रकुमारला म्हणालो, जा, माझ्या नावानं करून दे, काही कमी पडू देऊ नको, त्यांना खूश ठेव. तो म्हणाला, पाहून घे गा, मंग पूल मांगं पडन. मी म्हणालो, पडू दे थोडा. याला मॅनेजमेंट म्हणतात. पुण्यात पार्सल वाटताना एका साहेबाच्या केबिनमध्ये ऐकलं होतं, आधी रिलेशन बनवायचं.

१९ फेब्रुवारी

इंद्रकुमारला फोन. निघालो, रस्त्यात आहो. मागून टायरमध्ये हवा भरायचा आवाज येत होता. गाडी पंक्चर झाली असणार बिचाऱ्याची.

संकल्प: पोहणं शिकायचं. मोबाइलवर व्हिडिओ पाहून हातांचं झालं. पायांचं बाकी.

१ मार्च

प्रतापगडहून आज आलो, साताऱ्याचा नाही, आमच्या जिल्ह्यातला. महाशिवरात्रीची यात्रा. एका दिवसासाठीच गेलो होतो, पण गोंदण करणाऱ्या एकाशी ओळख झाली. त्याला मदतनीस पाहिजे होता. धंदा शिकून ठेवावा म्हटलं. तिसऱ्या दिवशी कंटाळा आला.

घरी आलो तर आईच्या उजव्या हाताला प्लास्टर. मी गेलो त्याच दिवशी पहाटे म्हशीला पाणी द्यायला निघाली आणि खड्ड्यात पडली. बाबा शेतावर. हाका मारत होती. इंद्रकुमार आपली पहार न्यायला आला होता म्हणून त्यानं ऐकलं. पाठीवर घेऊन वर काढलं, गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं.

बाबांनी विचारलं, दोरी कुठं आहे बे हेमेंद्र. दोरी माझ्या गाडीवर होती. यात्रेला सामान बांधायला घेतली होती. मी म्हणालो, दोरी मीच आणली होती, हे कोणी बोलत नाही. बाबा उठून गेले.

आई म्हणाली, जाऊ द्या, माहाच पाय घसरला.

खड्ड्याचा एक कोपरा ढासळला आहे. आता तोही नीट करावा लागेल. आणखी उशीर.

४ मार्च

डिंपलचा फोन आला. आईचा हात कसा आहे विचारायला. आईशीच बोलली, खूप वेळ. मी समोर उभा राहून इशारे करत होतो. माझ्याकडे फोन आला तर कटला. लाजते.

हिला हाताचं कोणी सांगितलं काय माहीत. चांगल्या घरात खबर लवकर पोचते.

१५ मार्च

होळीनंतर कोहमाऱ्याला जाऊन आलो. बाथरूम पाहिलं. एक नंबर. आणि गंमत म्हणजे टाइल्स निळ्या, सेम टू सेम माझ्यासारख्या. न सांगता दोन घरांची पसंत जुळली. यालाच योग म्हणतात.

श्यामलाल तीनदा म्हणाले, लडके के हाथ में सफाई है. मी म्हणालो, मीच पाठवला. म्हणाले, हां हां, मालूम है.

डिंपलनं चहा आणला. विचारलं, इंद्रकुमार कधी येणार, टाइल्सच्या फटीत सिमेंट भरायचं राहिलं आहे. म्हणजे त्याच्या तारखा ती लक्षात ठेवते. पूल वेळेवर व्हावा ही तळमळ आहे तिला. मी म्हणालो, मी त्याला रोज पाठवतो, काळजी करू नका. तर खूश झाली. इतकी खूश झालेली मी पाहिली नव्हती.

२ एप्रिल

आज इंद्रकुमारशी भांडण. मी उठलो तेव्हा पूलमध्ये दोन रेडे फिरत होते. त्यानं थोडं पाणी सोडून जोडी खाली उतरवली होती, आणि धानाच्या रोवणीच्या वेळी शेताच्या बांधीत करतात तसा चिखल करून राहिला होता. मी ओरडलो, हे काय. म्हणाला, बोडीचा तळ असाच दाबा लागते, नाई तं पाणी थांबत नाई. मी म्हणालो, ही बोडी नाही. म्हणाला, नावानं नसन.

एका बाजूला उतारही काढला आहे. मला वाटलं गोव्यासारखा, लहान मुलांसाठी. म्हणाला, म्हशीसाठी.

बाबा काठावर उभे राहून पाहत होते. महिन्याभरात पहिल्यांदा हसले. इंद्रकुमारलाच म्हणाले, चिखल झकास झाला गा.

१६ एप्रिल

तळ बसला. आता टाइल्स. इंद्रकुमारकडे मागितल्या. म्हणाला, लागल्या. कुठे लागल्या. म्हणाला, कोहमाऱ्याले, तूच म्हटला होता ना काही कमी पडू देऊ नको.

म्हटलं होतं, हे खरं. बोललेल्या शब्दाचा माणूस आहे मी.

विचार केला तर बरंच झालं. जावयाकडून भेट. मी विचारलं, त्यांना सांगितलं का माझ्याकडून म्हणून. म्हणाला, कोणी विचारलं नाई.

२९ एप्रिल

उद्या येतात. बोअरवेलनं पूल भरला. पाणी थांबलं. एक थेंब खाली नाही. रंग चहासारखा.

मार्ग काढला. घरातली सगळी नीळ टाकली, मग दुकानातली. आई म्हणाली, कपड्याले काय लावू आता. तिला एका हातानं धुवायला तसाही वेळ लागतो, एक दिवस नीळ नसली तर काय होते. रंग आता निळा नाही पण चहाही नाही. डांबरासारखा म्हणता येईल. उन्हात चांगला दिसेल.

टॉवेलचे चार हंस करून काठावर ठेवले. हे मला खरंच येते. हॉटेलात माझ्यासारखा हंस कोणाचा नव्हता.

३० एप्रिल, सकाळी ९

अंघोळ झाली. नवीन चड्डी आत घातली आहे, पोहायची. कोणी म्हटलं तर तयारी पाहिजे. इंद्रकुमारलाही बोलावलं, मजूर म्हणून काठावर उभा राहील. इस्त्रीचा शर्ट घालून आला. ओळखलं नाही मी.

३० एप्रिल, संध्याकाळ

आले होते.

मागचं दार उघडलं तर म्हैस आत बसलेली. फक्त तोंड वर. श्यामलाल म्हणाले, यही है क्या. बाबा म्हणाले, हो, बोडी बेस झाली, म्हैस खूश आहे. मी म्हणालो, म्हैस टेस्टिंगसाठी आहे.

सुमित्राबाईंनी आईचा हात हातात घेतला. प्लास्टर निघालं पण बोटं अजून मिटत नाहीत. कसं झालं विचारलं. आई म्हणाली, पाय घसरला. बाबा मधेच म्हणाले, हेमेंद्र यात्रेत होता, दोरी घेऊन. सुमित्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. थकल्या असतील, ऊन होतं.

मग श्यामलाल म्हणाले, चलो जमाईबाबू, तैरके दिखाओ. जमाईबाबू म्हणाले. चारचौघांत. मी शर्ट काढला. चालत चालत कमरेइतक्या पाण्यात गेलो आणि पाय चिखलात गेले, गुडघ्यापर्यंत. हातांचं मला येत होतं ते केलं. हललो नाही. म्हैस उठून निघून गेली.

इंद्रकुमारनं दोरी फेकली. हिरवी, तीच. ओढून काढलं. काठावर येईपर्यंत एक चप्पल आणि दोन हंस गेले. डिंपल इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. तिथं इंद्रकुमारनं तिला पाणी नेऊन दिलं. हसरी मुलगी घरात असावी.

निघताना श्यामलालनं इंद्रकुमारला बाजूला घेतलं. शेती किती, भाऊ किती, आई कशी असते. बरंच विचारत होते. वरच्या मजल्याचं बाथरूम काढायचं असेल. काम देण्याआधी माणूस पाहून घेतात.

सुपारी घेऊन आले होते. घेऊन गेले. विसरले.

९ मे

निरोप नाही. बाबांना म्हणालो, फोन लावा. बाबा म्हणाले, कायले. मी म्हणालो, होकार घ्यायला. बाबांनी फोन उलटा करून खाटेवर ठेवला. म्हणाले, मी त्याच दिवशी नाई म्हणून सांगाले त्यायच्या गाडीजवळ गेलतो. मी सांगाच्या आंधी त्यायनंच सांगतलं, तेवढा माया जीव वाचला.

हे बाबांचं मत झालं. मुलीचं मत वेगळं असते. आणि इंद्रकुमार कोहमाऱ्याहून त्यांच्या वरच्या खोलीचं माप घेऊन आला, हे त्यानं स्वतः सांगितलं. मुलगी आणि जावई येतील तेव्हा कुठे झोपतील, त्याचीच तर सोय आहे. मी त्याला म्हणालो, पंखा दोन बाजूंनी लाव. म्हणाला, बरं.

संकल्प: कोहमाऱ्याला जायचं, समोरासमोर बोलायचं. उद्या. उद्या नागझिऱ्याच्या गेटवर जिप्सीवाल्याला माणूस पाहिजे म्हणतात, तिकडूनच जाईन.

२१ मे

सकाळी डफडं वाजलं. वाटलं कोणाकडे तरी लग्न. दारात इंद्रकुमारची आई जमुनाबाई, मागे गावातल्या बाया, कुदळ, टोपली. लग्नाच्या चुलीची माती न्यायला आल्या. दरवेळी गावतलावावर जातात. जमुनाबाई आईला म्हणाली, बाई, माया पोरानं आपल्या हातानं खणलेली माती आहे तुमच्या वाडीत, शुभ आहे, तिथलीच देजो.

मी विचारलं, मुलगी कुठली. सगळ्या बाया आईकडे वळल्या. डफडंवाला थांबला.

आईनं डाव्या हातानं कुदळीला हळद-कुंकू लावलं. म्हणाली, कोहमाऱ्याची आहे. मग म्हणाली, चांगली पोरगी आहे, हाताचं विचाराले अजून फोन करते.

पहिली कुदळ घरच्या माणसानं मारायची असते. बाबा म्हणाले, मार. मारली. मग म्हणाले, उचल टोपली. जमुनाबाईच्या दारापर्यंत मीच नेली, डफड्याच्या मागे. पोरं म्हणत होती, पूलवाला, पूलवाला. माती जड होती. चिखल झकास झाला होता.

इंद्रकुमार मांडव बांधत होता. एवढंच म्हणाला, डिंपल म्हणत होती, ते टॉवेलचे हंस, आमच्या खोलीत ठेवाले दोन करून देशील का.

संध्याकाळी करून दिले. टॉवेल आईनं धुतले होते. घरात नीळ नव्हती, त्यामुळे पिवळेच आले.