वरच्या मजल्याची सही

प्रिय जीनत,

फोनवर तू ‘अभ्यास आहे, ठेवते’ म्हणून मला गुंडाळतेस, म्हणून हे पत्र. सोबत अम्मीच्या हातचं भरीत आहे. डबा अर्धा दिसला तर कंडक्टरवर संशय घेऊ नकोस. पारोळा स्टँडवर धुळ्याच्या बसची वाट बघताना मलाच राहवलं नाही.

लोकांच्या स्लॅबखाली लावायला माझ्या सेंट्रिंगच्या प्लेटा जोरात भाड्याने जातायत. आपल्या गच्चीवर मात्र वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया तशाच होत्या आणि अम्मी त्यांना दोरी बांधून कपडे वाळत घालायची. मजला कधी चढवणार, असं कुणी विचारलं की अब्बांचं उत्तर ठरलेलं: “आमची जीनत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवाना काढेल, नकाशावर तीच सही करेल, मग.” मिठाईवाल्यालासुद्धा तुझ्या परीक्षेची तारीख पाठ. मीही छाती फुगवून सांगत सुटायचो. मागच्या वेळी तू नापास झालीस आणि ईदलाही घरी आली नाहीस, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आम्ही आपले हौसेने बोलत होतो आणि तू पुस्तक उघडलंस की समोर आमच्या सळया उभ्या राहत असणार. फार वाईट वाटलं गं.

उन्हाळ्यात शेजारचे अभिमन आबा चहाला आले. अब्बांनी तेच पुराण लावलं. आबा फुंकर मारत म्हणाले, “हारुनभाऊ, पोरना डोकावर बठ्ठं घर कसाले ठेवस?” सगळं घर पोरीच्या डोक्यावर, हे अब्बांना लागलं. त्यांचा चहा तसाच राहिला.

तर जीनत, काल आपला स्लॅब पडला. किंचाळू नकोस, कोसळला नाही, टाकला! अब्बांनी जळगावच्या एका इंजिनिअरकडून रीतसर डिझाइन करून सही घेतली. तुझ्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे; हे तुला सांगायचं धाडस त्यांना होईना, म्हणून मला लिहायला बसवलंय आणि स्वतः वर जाऊन स्लॅबला पाणी मारतायत. आता हा पेपर तुझा एकटीचा. पास झालीस तर गल्लीभर मिठाई वाटू. नापास झालीस तरी घर उभंच आहे, तू ये.

तुझाच भाऊ,
आवेज