पाणथळीतला घुम्या

प्रिय बाळ,

डॉक्टरांनी सूनबाईला जिने चढायची मनाई केली आहे हे फोनवर सांगितलंस, तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तिला जप. इथे बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड बंद आहे. का, तेच सांगायला बसले आहे.

आपल्या घरामागच्या पाणथळीतला घुम्या पक्षी तुला आठवत असेलच. पाणकणसांच्या गर्दीत बसून, रिकाम्या माठात फुंकर मारावी तसा घुमायचा. दिसला मात्र कधी नाही. पाहुणे आले की तूही पलंगाखाली दडायचास, म्हणून बाबा तुलाही घुम्याच म्हणायचे. आता तीच पाणथळ बुजवून तुझ्या कंपनीचा रस्ता जायचा आहे. दोन वर्षं घरी बसल्यावर तुला मिळालेली देखरेखीची नोकरी त्याच रस्त्यामुळे आहे, हे मी विसरत नाही.

मागच्या आठवड्यात, रस्त्याचं काम सुरू होण्याआधी पक्ष्यांची पाहणी करणारी एक मुलगी दारात आली. गुडघ्यापर्यंत चिखल, चेहरा उतरलेला. दुर्मिळ पक्षी सापडला तर रस्ता अडतो, पण तिला काहीच सापडलं नव्हतं. मी पाय धुवायला पाणी दिलं, चहा टाकला. तिने घुम्याच्या आवाजाची नक्कल करून विचारलं, असं काही ऐकू येतं का. मी म्हटलं, पूर्वी यायचं, आता नाही. आणि मेल्याने नेमकं तेव्हाच घुमायला सुरुवात केली! मी झटकन मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं, तरी फिरवत राहिले. ती बिचारी चहा पिऊन, आभार मानून, तिचा नंबर ठेवून गेली.

बाबा दारातच उभे होते. रात्री ताटावर बसल्यावर म्हणाले, "पोराची नोकरी मलाही हवी आहे. पण आज तू त्याच्यासाठी खोटं बोललीस, ते त्याला न विचारता."

तुला विचारलं असतं तर तू काय म्हणाला असतास, ते मला सांगता येईना. स्वतःच्या पोराबद्दल एवढंही ठाऊक नसावं, याची फार लाज वाटली रे. तेव्हापासून तो घुमला की मी खिडकी लावून घेते, आणि बाबा न बोलता येऊन ती उघडतात.

काल त्या मुलीला फोन करून सगळं खरं सांगितलं. ती रागावली नाही, ते जास्त लागलं. पुढच्या सोमवारी ती पुन्हा येणार आहे. आवाज टिपता आला तर काम थांबेल, आणि मग तुझं काय होईल ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. साहेबांच्या आधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी पुन्हा कच खाल्ली असती. चिडलास तर चीड, पण अबोला धरू नकोस. घरात एक आहे तेवढा पुरे. सोमवारी त्याने घुमावं की गप्प राहावं, देवाकडे काय मागू ते अजून ठरत नाही.

तुझीच,
आई