तिझिरीच्या नावातला चौकोन

शुक्रवार, वॉटर्लू

गेला एकदाचा तो चौकोन. आमच्या ॲपवर मुलांची लायब्ररी कार्डं बनतात, नाव ज्याच्या त्याच्या लिपीत. शेजारच्या टेबलावरची तिलेली अल्जीरियाची, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी; तिची मुलगी तिझिरी. त्यांच्या तिफिनाघ लिपीत तिचं नाव टाकलं की मधल्या 'झ'च्या जागी नुसता रिकामा चौकोन यायचा. फॉन्टची फाइल छोटी करताना तेवढं एकच अक्षर गळलेलं. आणि टेस्टिंगवाल्या निखिलने ते पास केलं, कारण चौकोन हेच अक्षर असेल असं त्याला वाटलं. वर म्हणतो, "छान दिसत होतं ना पण ते." मला तरी कुठे माहीत होतं?

आज ते अक्षर फॉन्टमध्ये परत घातलं. शाळा सुटल्यावर तिझिरी ऑफिसात आली, तिला स्क्रीन दाखवला. चौकोनाच्या जागी ⵣ. हातपाय फाकून उभा माणूसच जणू.

"आपल्या लोकांच्या झेंड्यावरचं," तिलेली तिला म्हणाली.

पोरगी तिथेच हातपाय फाकून उभी राहिली. "दॅट्स मी." मग निखिलही तसाच उभा राहिला, विंटर जॅकेटसकट.

घरी आल्यावर किचनमध्ये मीही करून बघितलं. सुहास दारातच थांबला. "काय झालं गं?"

"काही नाही. 'झ' झालेय."