बडे बाबूंची तिहेरी शर्यत

सोमवार, १८ नोव्हेंबर १९८५
कॉलनीच्या वाचनालयात जुने इंग्रजी मासिक चाळत होतो. त्यात एक फोटो. अमेरिकेकडच्या कुठल्याशा बेटावर माणसे एकाच दिवशी समुद्रात पोहतात, मग सायकल हाणतात, मग पळतात. तिन्ही मिळून सव्वादोनशे किलोमीटर. फोटोतला माणूस माझ्याच वयाचा वाटला. पोट सोडून.

मासिक जागेवर ठेवताना भिंतीवरचा मानाचा फलक दिसला. त्यावर आमच्या कॉलनीतल्याच मारोतरावाचे नाव दोनदा आहे. एकदा रक्तदान, आणि खाली पुन्हा रक्तदान. सव्वीस वर्षे नोकरी झाली, माझे नाव कुठल्याच फलकावर नाही. ऑफिसच्या दारावरही नुसते 'हेडक्लार्क'. मला हे फार लागते. कोणाला सांगत नाही, म्हणून इथे लिहिले.

ठरले. ही शर्यत नागपुरात मी करणार.

मंगळवार, १९ नोव्हेंबर
कौसल्येला सांगितले. म्हणाली, "काहून जी, तुमाले पोहता कधीपासून येते?" बायकांचे लक्ष नेमके तपशिलाकडे जाते.

विदर्भाचे हवामान पाहून अंतरे आखली. अंबाझरी तलावाचा पलीकडचा काठ गाठून परत. सायकलने खापा जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. पळत कामठी जाऊन-येऊन तीस. दिनांक २६ जानेवारी. झेंडावंदनामुळे गर्दी आयती मिळेल.

सोमवार, २५ नोव्हेंबर. पहाटे ५
उठलो. थंडी आहे. ५.१० ला झोपलो. झोप हा प्रशिक्षणाचा भागच आहे, मासिकात दिले आहे.

सोमवार, २ डिसेंबर
मदतनीस म्हणून ऑफिसातला चपराशी नत्थू घेतला. वय एकावन्न, राहणार खापा. दर शनिवारी सायकलने घरी जातो आणि सोमवारी सकाळी सायकलनेच ऑफिसला येतो. लहानपणी कन्हान नदीत म्हशींच्या मागे पोहायचा. शास्त्र काहीच माहीत नाही. त्याला शर्यत समजावली. तो म्हणाला, "बडे बाबू, हे सारं एकाच दिवशी काहून करून राहिले? सुट्टी नाही भेटत का?"

रविवार, ८ डिसेंबर
पोहण्याचा सराव सुरू. स्टुलावर पालथे पडून हातपाय मारले, मध्ये मध्ये बादलीत तोंड बुडवले. अर्धा तास. स्टूल मोडले, श्वास नाही.

सायकलचा सरावही झाला. सीताबर्डीपर्यंत गेलो, तर्रीपोहे दोन प्लेट. ताकद भरून काढणे आवश्यक. नत्थू सोबत होता; शर्यत होईपर्यंत त्याचे शनिवारी घरी जाणे बंद केले आहे. तो पुढे जाऊन जाऊन थांबत होता. त्याला एका वेगाने चालवता येत नाही असे दिसते.

शुक्रवार, २० डिसेंबर
शर्यत म्हटले की पुरावा हवा. उद्या मारोतरावच म्हणेल, कोणी पाहिले? म्हणून 'नमुना क्रमांक तीन' तयार केला. रकाने: ठिकाण, पोचल्याची वेळ, हजर व्यक्तीचे नाव, साक्षीदाराची सही. अंबाझरीला साक्षीदार कॉलनी मंडळाचे सेक्रेटरी ओमप्रकाशजी, खाप्याला शाळेचे हेडमास्तर, कामठीला एक रिटायर हवालदार. तिघांना पत्रे टाकली. खाली नऊ नियम. नियम सहा: नाव आधी भरू नये, जागेवर जो हजर असेल त्याचेच साक्षीदाराने भरावे. नियम सात: खाडाखोड केलेला नमुना रद्द समजण्यात येईल.

तीन दिवस लागले. त्यामुळे पळण्याचा सराव राहिला. पण नमुना असा झाला आहे की त्यातून मुंगीदेखील सुटणार नाही.

बुधवार, १ जानेवारी १९८६
संकल्प: आजपासून रोज दहा किलोमीटर पळणे.

गुरुवार, २ जानेवारी
उद्यापासून.

रविवार, १२ जानेवारी
आज माझा सत्कार झाला. शर्यत अजून व्हायची आहे, पण प्रमुख पाहुण्यांना २६ तारखेला चार ठिकाणी झेंडे आहेत. ओमप्रकाशजी म्हणाले, "बाबारावजी, सत्कार आगे-पीछे हुआ तो क्या बिगडता है?" मलाही पटले. शाल, श्रीफळ, हार. पाहुण्यांना वाटले सगळे पार पडले आहे. त्यांनी विचारले, पाणी कसे होते? मी म्हणालो, थंड होते. हे तोंडी होते, लेखी नव्हते.

'स्वागतम्' लिहायला आलेल्या पेंटरकडे रंग उरला होता. तेवढ्यात ओमप्रकाशजींनी मानाच्या फलकावर माझे नाव घालून घेतले: 'बाबाराव, तिहेरी शर्यत पूर्ण, २६ जानेवारी १९८६.' मारोतरावाच्या दोन्ही रक्तदानांच्या वर. पिवळ्या रंगात. दिवसभरात चार वेळा जाऊन पाहिले. चौथ्यांदा थोडी भीती वाटली.

कौसल्येने श्रीफळ देवापुढे ठेवले. म्हणाली, आधी शर्यत, मग फोडू.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत. तिळाचे लाडू अकरा. तीळ उष्ण असतात. तलावात उपयोगी पडतील.

रविवार, १९ जानेवारी
अंबाझरीवर जाऊन पाणी पाहिले. काठावरून पलीकडचा काठ मोजला त्यापेक्षा लांब वाटतो. नत्थूने ट्रकची ट्यूब आणून हवा भरून दिली. म्हणाला, "घाबरू नका बडे बाबू, मी हावो ना." मी घाबरलो आहे असे मी त्याला कुठेच सांगितले नव्हते.

शनिवार, २५ जानेवारी
तयारी पूर्ण. सामान: ट्यूब, शाल, डबा, लिंबे, छत्री, नमुना क्रमांक तीन (तीन प्रती). सगळे नत्थू उचलणार. उद्या फलक खरा होईल.

रविवार, २६ जानेवारी. सकाळी ६.४०, अंबाझरी
कमरेएवढ्या पाण्यात उतरलो. पाणी खरोखरच थंड आहे. डाव्या पोटरीत गोळा आला. पलीकडच्या काठावर खूण नसेल तर दिशा चुकते, म्हणून नत्थूला लाल फडके बांधायला पाठवले. तो पोहत गेला, बांधले, पोहत परत आला. तोवर मी काठावर थरथरत होतो. त्याने ओल्या हाताने माझ्या अंगावर शाल टाकली. ओमप्रकाशजींनी नमुन्यात काहीतरी लिहून खिशात दिला. पाहण्याचे धैर्य झाले नाही. व्यवस्थेचा भाग आटोपला, पोहणे नंतर उरकून घेऊ.

सकाळी ९, कोराडीच्या पुढे, चहाची टपरी
चेन उतरली. मीही. हेडमास्तर झेंडावंदन करून शाळेला कुलूप लावतील, मग सही कोण देणार? नमुना देऊन नत्थूला पुढे पाठवले, त्यांना थांबवून ठेव म्हटले. मी येतोच आहे. डबा उघडला.

दुपारी १२
नत्थू खाप्याहून परत आला. हेडमास्तर थांबायला तयार नव्हते, सही करून दिली म्हणे. घरी बायकोला भेटून आलो, असेही म्हणाला. मला ट्रकमध्ये बसवले, माझी सायकलही. तो मागून सायकलने आला.

दुपारी २, इंदोरा
पळतो आहे. म्हणजे पळत होतो. इथे बसलो. हवालदार कामठीत उन्हात ताटकळतील, म्हणून नत्थूला नमुना देऊन पाठवले. लवकर ये म्हटले, म्हणून तो पळत गेला.

सायंकाळी
झेंडा उतरवायला कॉलनी जमली होती. इंदोऱ्याहून मी ऑटोने आलो, हे कोणाला दिसू नये म्हणून कोपऱ्यावर उतरलो. जरा वेळाने नत्थूही आला, घामाने डबडबलेला, काखेत माझी छत्री. टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. ओमप्रकाशजींनी नत्थूकडून नमुना घेऊन उघडला आणि मोठ्याने वाचायला लागले. अंबाझरी, नत्थू. खापा, नत्थू. तिसऱ्या नावाला त्यांचा आवाज खाली आला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मारोतरावसुद्धा. ओमप्रकाशजींनी मला बाजूला घेऊन खिशातला पेन पुढे केला. "बाबारावजी, तीन नाम ही तो हैं. ठीक कर दो."

पेन हातात घेतला, हे इथे कबूल करतो. तिन्ही प्रती माझ्या होत्या, रकाने माझे होते. नत्थू छत्री नीट गुंडाळत उभा होता. त्याला शर्यत संपल्याचेही माहीत नव्हते, "बडे बाबू, तुमचं पोहणं राहिलं ना जी, उद्या येऊ का?" असे विचारत होता.

सव्वीस वर्षांत मी कागदावर खाडाखोड केलेली नाही. नियम सात माझाच आहे. मी पेन परत दिला आणि मोठ्याने सांगितले की नमुना बरोबर आहे. गर्दी नत्थूकडे वळली तेव्हा मला वाईट वाटले. त्याचे नव्हे, माझेच.

बुधवार, २९ जानेवारी
पेंटर येऊन गेला. 'बाबाराव' खरवडून 'नत्थू' लिहिले. खरवडलेले नाव नीट पाहिले तर अजून वाचता येते.

नारळ फोडला. आतून नासका निघाला. कौसल्या म्हणाली, नासका निघणे चांगले असते. मग म्हणाली, "पेन परत देल्ला म्हणे तुमी. शेजारची शोभाताई सांगून राहिली होती." आणि ताटात न मागता तूप वाढले.

शाल घेऊन मी नत्थूकडे गेलो होतो. मानाने ती त्याची. त्याने हात लावला नाही. म्हणाला, "राहू द्या बडे बाबू, थंडी तुमालेच जास्त लागते."

लागते खरी. शाल पांघरूनच हे लिहितो आहे.