वाळत घातलेली चादर

तीन रविवार हे लिहायचं टाळलं. आधी शाई गोठली होती, मग पेन्सिलीला टोक नव्हतं, मग ऊन पडलं आणि मी भटकायला गेलो. आमचे मुकादम कुलिके काल म्हणाले, "लिही रे बाबा. तुझ्या आधीच्यानं लिहिलं नाही, त्याच्या बुटांवरून दोघं अजून भांडतायत. आणि बूट तरी कुठे जोडीनं सापडलेत?" उद्या बेकरीखालचा बॉम्ब काढायचा आहे, म्हणून बसलो.

तर मी, लोटार वेंडलांट, वय वीस, राहणार नॉयकॉल्न, बर्लिन, धंदा न फुटलेले बॉम्ब उकरणे (रेशन जास्त मिळतं, एरवी मी एका जागी टिकणारा नाही), पूर्ण शुद्धीत, कोणी हात न धरता, पुढीलप्रमाणे व्यवस्था करतो.

१. शरीर सापडेल तेवढं पुरावं. बाकीचं शोधत बसू नये, थंडी फार आहे.

२. बूट मुकादमांना. ते लहान होतील असं त्यांचं म्हणणं. बोटं कापून घ्यावीत.

३. खोली आणि शेगडी खालच्या झाबेलबाईंना. शेगडी शिपायाच्या लोखंडी टोपाची आहे. टोप भरपूर उरले, डोकी नाहीत.

४. रोरबेक मास्तरांना काही नाही. शाळेची घंटा वितळवायला दिली तेव्हा ते रडले. पुढच्याच महिन्यात आमचा आख्खा वर्ग विमानं पाडायच्या तोफांवर पाठवला, तेव्हा मात्र गाणं म्हणायला लावलं. या मजकुरातलं व्याकरण चुकलं असल्यास त्यांनाच विचारावं.

५. आता चादर. ही पांढरी चादर माझ्याकडे आहे आणि शहराचा रशियन भाग व आमचा अमेरिकन भाग, दोन्हीकडच्या लोकांना हवी आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

युद्धाच्या शेवटच्या एप्रिलात नळाला कित्येक दिवसांनी पाणी आलं. आईनं आधी चादर धुतली आणि खिडकीत वाळत घातली. आपलीच पोरं गस्तीवर होती, माझ्याहून मोठी नसतील. त्यांना वाटलं, शरणागतीचं निशाण. बाबांना खाली नेलं. आई ओरडत होती, "अरे लेकरांनो, धुणं आहे ते, हात लावून बघा, ओलं आहे." एकानं खरंच हात लावून पाहिला. तरीही फाशी दिली, आणि दोरीसुद्धा आमचीच वापरली, धुण्याची.

थोरला भाऊ एगॉन रशियाच्या कैदेतून परतला तो शहराच्या रशियन भागातल्या पोलिसांची टोपी घालूनच. तिकडे बाबा 'शांततेचे हुतात्मा' झाले. इकडे अमेरिकनांच्या कचेरीतला साहेब मला चॉकलेट देऊन म्हणाला, 'स्वातंत्र्याचे हुतात्मा'. बाबा छपरं दुरुस्त करायचे आणि दोघांनाही शिव्या द्यायचे.

आई आता काठी टेकत चालते, एगॉनकडे राहते. तिकडे कोळसा आहे. आज दुपारी तिकडच्या चौकात बाबांच्या नावाची पाटी लागायची होती आणि आईनं दोन वाक्यं बोलायची होती. गेल्या आठवड्यात एगॉन माझ्यासमोर तिच्याकडून घोकून घेत होता.

"आई, म्हण. माझ्या नवऱ्यानं शांततेसाठी चादर फडकवली."

"वाळत घातली. आणि मी घातली."

"अगं, लोक ऐकायला येणार आहेत. धुण्यासाठी कुणी पाटी लावतं का?"

"मग नका लावू. मी सांगितलंय का?"

"ती तसं बोलली ना, तर मला नोकरी नाही आणि तिला घर नाही," एगॉन माझ्याकडे वळून म्हणाला. "तू तरी समजाव."

मी समजावलं नाही. आईला खोटं पाठच होत नाही.

म्हणून: चादर आईला, अंथरायला. झेंडा करू नये, काचेच्या पेटीत ठेवू नये.

६. दोरी एगॉनला. ती त्यानं कधी मागितली नाही.

रशियनांनी आमच्या भागाचे रस्ते अडवल्यापासून डोक्यावरून कोळशाची विमानं जातात, खिडकी थरथरते, अक्षर वाकडं येतं. सही वाकडी म्हणून हरकत घेऊ नये.

नॉयकॉल्न, बर्लिन, १२ डिसेंबर १९४८.

साक्षीदार: आउगुस्ट कुलिके, मुकादम.
साक्षीदार: एल्झबेट झाबेल, विधवा.

सही:

सही राहिली. झाबेलबाई जिना चढून आल्या आहेत. म्हणतात, खाली एगॉन आलाय, डोक्यावर टोपी नाही. "आई कुठे म्हणून विचारलं, तर म्हणाला, 'ती सगळ्यांसमोर धुणंच म्हणाली, तिला घेऊन गेले,' आणि पायरीवरच बसला. हातात तिची काठी आहे."