फाट्यापुढची गाडी

आबा, आखाजीच्या सणाला माहेरी जाऊन कालच जळगावला परतले. माझी नवी गाडी तुम्ही पाहिली नाहीत. पांढरी, लांब, ठेंगणी सेडान. क्लच नाही, गियरची कटकट नाही, एसी असा की बाहेर वैशाख आहे हे विसरायला होतं. धरणगाव येऊन जातं तरी रस्त्याचा आवाज कानावर पडत नाही. कॉलनीत सगळे कौतुक करतात, आणि मी मात्र अजून तुमच्या त्या खडखड्या जीपवरून जळते. तुम्ही गेल्यावर ती धाकट्या भावाकडे राहिली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

लग्नानंतर दर आखाजीला तुम्ही मला न्यायला यायचात ते तिच्यातूनच. दार उचलून ओढल्याशिवाय लागायचं नाही, घरी पोचेपर्यंत साडीला डिझेलचा वास यायचा. शिरपूर मागे टाकून फाट्यावरून आत वळलं की गावाच्या अलीकडे तो रेतीचा नाला. "धरी बस, बेटा," म्हणत तुम्ही गाडी थांबवून क्लच दाबायचात, आणि गियरशेजारचा फोर-व्हीलचा छोटा दांडा ओढायचा मान माझा. धाकटा मागे बसून कुरकुरायचा. चारही चाकं रेती धरायची आणि गाडी हळूहळू पलीकडे चढायची. गाडी मीच चालवतेय, असं मला खुशाल वाटायचं.

आता नाल्यावर सिमेंटचा पूल झालाय. माझी सेडान सरळ अंगणापर्यंत जाईल. तरी मी ती फाट्यावरच उभी करते आणि फोन लावते, "खालून घासते रे." धाकट्याला सगळं कळतं. हसतो आणि म्हणतो, "बरं अक्का, तू तठेच थांब, मी लेवाले येस." येतो तुमची गाडी घेऊन. यंदा पुढच्या सीटवर त्याची चिमुरडी होती. "आत्या, तू मागे बस ना, ही माझी जागा आहे." मागे बसले, मांडीवर पिशवी घेऊन. जागा तिची कधीपासून झाली? पूल आला. कोरड्या सिमेंटवर फोर-व्हील लावायची नसते, गाडीला त्रास होतो, हे तुम्ही आम्हा दोघांनाही बजावलेलं. पण लेकीची हौस म्हणून त्याने गाडी थांबवली, क्लच दाबला आणि म्हणाला, "ओढ, बेटा." आवाजही तुमचाच.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून खरं लिहून टाकते. मी त्याला अडवायला हवं होतं. त्याऐवजी दोन सीटांमधून हात घातला आणि पोरीच्या आधी दांडा ओढला. ती घर येईपर्यंत रडत होती. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं, आबा.