परिषद सामोसिरला!

३ मार्च
यंदाची वार्षिक परिषद सामोसिरला! सुरोयो साहेबांनी भर बैठकीत जाहीर केलं. म्हणाले, "तियोमिनाबाई, तुम्ही तिथल्याच ना? मग सगळं तुम्हीच बघा."
हो म्हणून बसले.
लग्न झाल्यापासून मोठ्या तळ्यातल्या त्या बेटावर मी पाय ठेवलेला नाही, हे ऑफिसात कुणाला माहीत? नवरा, तोगू, माझ्याच कुळातला; आमच्यात एका कुळातले म्हणजे भाऊ-बहीणच. बाबा म्हणाले होते, "भावाशी लग्न केलंस. आता या घराकडे फिरकू नकोस."

६ मार्च
हॉटेलला फोन लावला. मॅनेजर माझा आवाज ऐकून थबकला. "तियो? तूच ना? अगं, मी पारलिन! शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचो!"
खोल्या, बोट, जेवण – सगळं बोलून झालं. शेवटी चाचरत म्हणाला, "धक्क्यावर स्वागताचे ढोल... ते तुझे बाबाच वाजवतात. दुसरं कुणी बघू का?"
"नको. त्यांनाच राहू दे."
फोन ठेवला आणि खोल्यांची यादी पुन्हा पहिल्यापासून लिहिली.

७ मार्च
मी आहे हे कळल्यावर वाजवतील?

११ मार्च
पारलिन म्हणतो, उतरणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या खांद्यावर बाबा स्वतः उलोस घालतात. प्रत्येकाच्या! म्हणजे त्यांना माझ्याही खांद्यावर घालावीच लागेल ती शाल. तोगूला हे सांगताना हसू आलं, मग रडूच फुटलं.
तो भांडी विसळत होता. म्हणाला, "जा तू. ऑफिसच्या पाहुण्याला कोण हाकलतं?"
"आणि तू?"
"मी इथे मेदानलाच बरा. मला बघून त्यांचं डोकं फिरेल."
तळं त्यानंही तेव्हापासून पाहिलेलं नाही. त्याचंही गाव तेच. कधी बोलत नाही.

१५ मार्च
परिषदेच्या जेवणात सगळ्यांना कोंबडीच हवी. मी हट्टानं यादीत तिरफळं घातलेला मासा लिहिला. आईच्या हातचा मिळणार नाही, ठाऊक आहे. तरी.
पारलिनला आई बाजारात भेटली. मी येणार म्हणून त्यानं सांगितलं. काही न घेता तशीच घरी गेली म्हणे.

१९ मार्च
सुरोयो साहेबांनी परिषद सिंगापूरजवळच्या बटामला हलवली.
"मोठे साहेब सिंगापूरहून येणार. तळं ओलांडून कोण जाणार, बाई?" – झालं! एका वाक्यात संपलं.
पारलिनला मीच कळवलं. तो म्हणाला, "तुझ्या बाबांना काय सांगू? तुझं कळल्यापासून रोज संध्याकाळी ढोलाच्या दोऱ्या ताणत बसतात."
"सांग, रद्द झालं म्हणून."
एवढंच बोलता आलं. एकटी का नाही जात मी? बोट तर रोज सुटते. पण ऑफिसची पाहुणी होऊन जाणं वेगळं. मुलगी म्हणून धक्क्यावर उतरायचं, आणि त्यांनी तोंड फिरवलं तर?

२० मार्च
जेवले नाही. तोगूनं आग्रह केला नाही. ताट झाकून ठेवलं फक्त.

२२ मार्च
अनोळखी नंबर. पलीकडे नुसता श्वास. मग तो आवाज – खोल गेलेला, म्हातारा झालेला.
"ऑफिस येत नाही म्हणे?"
"नाही, बाबा."
"बरं." खोकले. "मग तुम्ही दोघं कधी येताय?"